यादी आहे, नकाशा नाही

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार अडकले. या बहुतांशी सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँका होत्या. दुधाचे पैसे, उसाचे बिल, निवृत्तिवेतन, बचत गटाची शिल्लक जिथे जमा होते, त्या. हल्ला त्यांच्यावर झालेला नव्हता. त्यांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांना रॅन्समवेअरने ग्रासले होते आणि लागण पुढे पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे ‘एनपीसीआय’ने, त्या कंपनीला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. नंतर ‘क्लाउडसेक’ या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या अहवालात म्हटले, की या हल्ल्याची सुरुवात सी-एजशी जोडलेल्या आणखी एका कंपनीच्या निष्काळजीपणे ठेवलेल्या सर्व्हरपासून झाली. बँकेचा पुरवठादार आणि त्या पुरवठादाराशी जोडलेली तिसरी कंपनी, असा तो रस्ता होता. तालुक्याच्या गावातल्या खातेदाराचे पैसे या रस्त्यावर अडकले आणि त्या रस्त्याचे नावही त्याने कधी ऐकलेले नव्हते.

त्याने ते ऐकलेले नसणे साहजिक आहे. आमची चिंता वेगळी आहे. आपल्या बँका, विमा कंपन्या, महापालिका, वीज कंपन्या आणि सरकारी खाती यांपैकी किती जणांना हा रस्ता आपल्या कागदांवर दाखवता येईल? कोणती यंत्रणा कोणत्या यंत्रणेवर उभी आहे, एक बंद पडली तर काय काय थांबेल, कोणाची माहिती कुठे साठली आहे, या प्रश्नांना तासाभरात उत्तर देणारी संस्था आज विरळा. उत्तर असते, पण ते कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये असते. त्या शीटचा आणि संस्थेने लाखो रुपये मोजून घेतलेल्या आर्किटेक्चर मॉडेलिंग सॉफ्टवेअरचा संबंध कॉपी-पेस्टपुरताच उरलेला असतो. ही बाब आयटी विभागाच्या चार भिंतींतली म्हणून आजवर सोडून दिली गेली. ती तशी राहिलेली नाही, हे सांगण्यासाठी हा अग्रलेख.

एंटरप्राइझ आर्किटेक्चर हे नाव जड आहे, पण काम सोपे सांगता येते. संस्थेचा कारभार, तो चालवणारी सॉफ्टवेअर्स, ती जिथे चालतात ते सर्व्हर आणि त्यांच्यातून वाहणारी माहिती या सगळ्यांचा एकच नकाशा काढायचा आणि तो जिवंत ठेवायचा. १९८७ साली जॉन झॅकमन यांनी ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये या विचाराची पहिली ठसठशीत मांडणी केली. पुढे ‘टोगॅफ’ ही पद्धत आली. नेदरलँड्समध्ये जन्मलेली ‘आर्किमेट’ ही चिन्हभाषा २००८ मध्ये ‘द ओपन ग्रुप’कडे गेली आणि आज ती जगभर वापरली जाते. आपल्या केंद्र सरकारनेही सरकारी खात्यांसाठी ‘इंडईए’ (इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर) नावाची अशी चौकट आखलेली आहे. या कामासाठी तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक यंत्रणा ही एक चौकट असते आणि दोन यंत्रणांमधला संबंध ही एक रेषा. चौकटीवर बोट ठेवले की तिच्यावर विसंबलेली प्रत्येक गोष्ट समोर येते. सॉफ्टवेअरचा सगळा उपयोग त्या रेषांमध्ये आहे.

माहिती मात्र रेषांच्या रूपात कोणाकडेच नसते. ती यादीच्या रूपात असते. लेखा विभागाकडे परवान्यांची यादी, खरेदी विभागाकडे पुरवठादारांची, डेटा सेंटरकडे सर्व्हरची, प्रत्येक शाखेकडे आणखी एक. १९७९ मध्ये ‘व्हिसीकॅल्क’ आल्यापासून ओळी आणि रकान्यांनी जगभरच्या कार्यालयांना असे काही वळण लावले आहे, की चार गोष्टी लिहून ठेवायच्या म्हटले की हात आपोआप एक्सेलकडे जातो. म्हणून नकाशाचे सॉफ्टवेअर विकत घेतल्यावर पहिला दिवस उजाडतो तो याद्या आत ओढण्याचा, म्हणजे इंपोर्टचा. हे काम बहुतेक ठिकाणी नुकत्याच रुजू झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवले जाते. ‘शीट घे, सीएसव्ही कर, अपलोड कर.’ प्रकल्पाच्या आराखड्यात या कामाला जेमतेम आठवडा दिलेला असतो. नकाशाचे पुढे काय होणार, हे मात्र त्याच आठवड्यात ठरून जाते.

तिथे नेमके काय घडते, ते जरा जवळून पाहू. शीटमध्ये एका ठिकाणी ‘सीबीएस’ लिहिलेले असते, दुसऱ्या ठिकाणी ‘कोअर बँकिंग’, तिसऱ्या ठिकाणी त्याच सॉफ्टवेअरचे व्यापारी नाव. माणूस वाचतो तेव्हा त्याला एकच वस्तू दिसते. सॉफ्टवेअर तीन चौकटी करते. मग एटीएमची रेषा पहिल्या चौकटीला जोडली जाते, मोबाइल बँकिंगची दुसरीला आणि कर्ज विभागाची तिसरीला. ही यंत्रणा बंद पडली तर काय काय थांबेल असे विचारले, की नकाशा पूर्ण आत्मविश्वासाने एक तृतीयांश उत्तर देतो. उत्तर अपुरे आहे, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही.

शीट तयार करणाऱ्याने ज्या यंत्रणा येत्या वर्षी बंद करायच्या आहेत त्यांच्या ओळी पिवळ्या रंगवलेल्या असतात. लाल रंग म्हणजे करार संपलेला. सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फक्त अक्षरे जातात, रंग जात नाही. वर्षभराचे निर्णय त्या एका ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पुसले जातात. विभागाचे नाव सहा ओळींवर मिळून एकाच मोठ्या घरात लिहिलेले असेल, तर पहिल्या ओळीला नाव मिळते आणि उरलेल्या पाच बेवारस होतात. शाखा क्रमांक ००४७ हा ४७ होतो. आवृत्ती ३-१० ही तारीख होते. हा तारखेचा रोग एवढा चिवट आहे, की मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ‘मार्च-१’सारख्या जनुकांची नावेच बदलली, कारण एक्सेल त्यांना महिना समजत होते. शास्त्रज्ञांनी हात टेकून नावे बदलली, पण बँकेला आपले सर्व्हर आणि शाखा क्रमांक असे बदलता येत नाहीत.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांना आणखी एक पीडा आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. युनिकोडमधल्या सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केले, की एक्सेल पुष्कळदा ती चुकीच्या सांकेतिकीकरणात उघडते आणि ‘पाणीपुरवठा विभाग’ या जागी चिन्हांचा खिचडा दिसतो. कर्मचारी घाबरून किंवा सवयीने ती फाइल तशीच सेव्ह करतो आणि मूळ नाव गेलेच. ज्या याद्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या आहेत, त्यांची स्थिती याहून वाईट. फाँट काढून घेतला की आत निव्वळ अर्थहीन रोमन अक्षरे उरतात. सरकारी खात्याच्या यंत्रणांचा नकाशा करायला निघालेल्या कोणालाही पहिले काही दिवस याच खिचड्यात घालवावे लागतात. खर्चाच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद नसते.

पण सर्वांत घातक गोष्ट या सगळ्यांपेक्षा साधी आहे. ‘ही यंत्रणा कशा-कशाशी जोडलेली आहे’ या रकान्यात एकाच घरात स्वल्पविराम देऊन लिहिलेले असते : एसएमएस गेटवे, ई-केवायसी, सीबीएस. इंपोर्ट करताना तो मजकूर चौकटीच्या माहितीत एक वाक्य म्हणून जाऊन पडतो. रेषा एकही उमटत नाही. संबंधांची स्वतंत्र यादी करावी लागते, तिच्या प्रत्येक ओळीत कोठून, कोठे आणि कशा प्रकारचा संबंध हे लिहावे लागते. ‘आर्ची’ या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये तर त्यासाठी तीन वेगळ्या फाइलींची सोय आहे : एक घटकांची, दुसरी संबंधांची, तिसरी गुणधर्मांची. दुसरी फाइल भरायची तर माणसांना जाऊन विचारावे लागते आणि त्याला महिने लागतात. म्हणून ती रिकामी राहते. सादरीकरणाच्या दिवशी संचालकांना पडद्यावर शेकडो रंगीत चौकटी दिसतात, टाळ्या पडतात आणि त्यांच्यात रेषा किती आहेत हे कोणी मोजत नाही.

रेषा नसण्याची किंमत मुंबईने मोजलेली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा उघड झाला, तेव्हा आकडा ११,४०० कोटी रुपयांच्या आसपास होता. पुढे तो १३,००० कोटींवर गेला. हमीपत्रांचे संदेश ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून परदेशी बँकशाखांना जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच होत नव्हती, कारण त्या शाखेत या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. घोटाळा माणसांनी केला, यंत्रणेने नाही. पण तो वर्षानुवर्षे लपून राहिला तो त्या न जोडलेल्या जागेत. ‘स्विफ्ट’च्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना सावध केल्याचे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीरपणे सांगितले. यंत्रणांच्या कोणत्याही यादीत ‘स्विफ्ट’ ही एक ओळ आणि ‘सीबीएस’ ही दुसरी ओळ सापडतेच. यादी तपासणाऱ्याला दोन्हींसमोर खूण करता येते आणि त्याचे काम तिथे संपते. नकाशात मात्र दोन चौकटींमधली मोकळी जागा डोळ्यांत खुपली असती.

शीट आणि यंत्रणा यांच्या सांध्यावर काय होऊ शकते, याचा धडा इंग्लंडने कोविडच्या काळात दिला. प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल साध्या मजकूर फाइलींमध्ये पाठवत होत्या आणि ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ते एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ साच्यात ओढून घेत होते. त्या साच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाही. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी होत असल्यामुळे साचा लवकर भरला आणि उरलेले रुग्ण मुकाट्याने गळून पडले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. आकडे नंतर दुरुस्त झाले. पण त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून घरी थांबायला सांगण्याचे मोलाचे दिवस निघून गेले. नव्या ‘एक्सएलएसएक्स’ साच्यात १० लाखांहून अधिक ओळी मावतात, तेव्हा तो वापरला असता तर हे टळले असते, असे अनेकांनी म्हटले. आम्हाला ते पटत नाही. साचा कोणताही असो, इकडून किती नोंदी निघाल्या आणि तिकडे किती पोहोचल्या ही मोजदाद तिथे होत नव्हती, हे खरे दुखणे होते. आपल्याकडच्या किती इंपोर्टमध्ये ती होते?

हे दुखणे महाराष्ट्राला अनोळखी असायचे कारण नाही. सातबारा ही यादी आहे आणि गावनकाशा हा नकाशा. दोघांना बांधून ठेवतो तो गट क्रमांक. जमीन विकली गेली, वाटणी झाली, वारस लागले की आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावरचे नाव बदलते. ज्या गावात ही शिस्त ढिली झाली, तिथे क्षेत्र कागदावर एक आणि बांधावर दुसरे निघते आणि पिढ्या कोर्टात जातात. संगणक यंत्रणांच्या बाबतीत आपण गट क्रमांकच दिलेला नाही. वस्तूची ओळख म्हणजे तिचे नाव, आणि ते नाव ज्याच्या हातात शीट आहे त्याच्या मर्जीवर. फेरफाराची पद्धत तर नाहीच. शीट कोणीही उघडतो, रकाना बदलतो आणि बंद करतो. एकदा एकच रकाना वर्णानुक्रमे लावला गेला आणि शेजारचे रकाने जागेवर राहिले, तर प्रत्येक सर्व्हरसमोर दुसऱ्याच सर्व्हरच्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव येऊन बसते. एक्सेल सूचना देते, घाईत ती झटकली जाते. पुढच्या इंपोर्टला ही सगळी नावे नकाशात शिरतात.

उलट बाजूनेही हेच. बंद झालेल्या यंत्रणेची ओळ शीटमधून काढली म्हणून नकाशातली चौकट जात नाही. नेहमीच्या इंपोर्टमध्ये जे फाइलीत आहे ते नवे होते किंवा बदलते. जे नाही, त्याला कोणी हात लावत नाही. वर्ष-दोन वर्षांत नकाशावर मेलेल्या यंत्रणांची गर्दी होते. वापरणाऱ्यांचा विश्वास उडतो, ते पुन्हा आपापल्या शीटकडे वळतात आणि सॉफ्टवेअरचा परवाना दर वर्षी न चुकता नूतनीकृत होत राहतो. शीट ताजी पण अर्धवट, नकाशा देखणा पण शिळा, अशा अवस्थेत संस्था संकटाला सामोरी जाते.

संकट आले की पहिला प्रश्न ‘कुठे?’ हाच असतो. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा भाषेतल्या एका छोट्याशा सॉफ्टवेअर भागात भयंकर छिद्र सापडले. तो भाग जगभरच्या असंख्य सॉफ्टवेअर्सच्या पोटात होता. दुरुस्ती उपलब्ध झाली होती, ती कुठे कुठे लावायची हेच लोकांना माहीत नव्हते. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात नोंदवले, की तिथल्या एकट्या एका केंद्रीय खात्याने या प्रकरणात ३३,००० तास खर्च केले. अमेरिकेत १९९६ पासून कायद्याने सरकारी खात्यांना आपले आर्किटेक्चर राखायला सांगितलेले आहे. तिथे ही गत, तर आपल्या एखाद्या जिल्हा बँकेच्या आयटी विभागातल्या चार-पाच जणांनी काय करायचे? आणि आपल्याकडे तर ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. फोनाफोनी करून तीन विभागांच्या तीन शीट्स गोळा करायला आणि त्या एकमेकींशी ताडून पाहायला सहा तास पुरत नाहीत.

नियामकाने हा धोका ओळखलेला आहे. २४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. ती उठायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. त्या आदेशात गंभीर त्रुटींची जी जंत्री होती, तिच्यात पहिले नाव होते आयटी इन्व्हेंटरी व्यवस्थापनाचे. आपल्याकडे काय काय आहे याचा हिशेब नीट नसणे, ही देशातल्या मोठ्या खासगी बँकांपैकी एकीवर ठपका ठेवण्याइतकी मोठी चूक ठरली. नागरी सहकारी बँकांना तर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्येच आयटी मालमत्तेची अद्ययावत नोंदवही ठेवायला सांगितले आहे : मालमत्तेचा तपशील, ग्राहकांची माहिती कोणत्या यंत्रणेत आहे, ती कोणत्या कामाशी निगडित आहे आणि तिचे महत्त्व किती. परिपत्रक उत्तम आहे. पण ‘नोंदवही’ म्हटल्यावर एक शीट तयार होते, तपासणीच्या आदल्या आठवड्यात ती अद्ययावत होते, तपासनीस ती पाहतो आणि पुढच्या तपासणीपर्यंत ती झोपते. रकाने भरले आहेत का, एवढेच तपासले जाते. शीटमधली कोणतीही एक ओळ उचलून ‘ही बंद पडली तर काय थांबेल’ असे विचारले जात नाही.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात आणि दोन्ही धोक्याचे आहेत. पहिला, एक्सेलवर बंदी घाला. बंदी घातलेल्या ठिकाणी शीट्स संपत नाहीत, त्या अधिकृत फोल्डरमधून उठून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पेन ड्राइव्हवर जातात. शिवाय सर्व्हरचे भाडे, कराराची मुदत, शाखेतल्या यंत्रांची संख्या ही माहिती ज्या माणसाला खरोखर असते, त्याला मॉडेलिंग सॉफ्टवेअर उघडता येत नाही आणि त्याने ते शिकावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्याला शीट येते. त्याची माहिती शीटमधूनच येणार आणि ती सन्मानाने घ्यायला हवी. दुसरा उपाय विक्रेत्यांचा : आमचा कनेक्टर घ्या, शीट आणि मॉडेल आपोआप जुळेल. कनेक्टर ओळी वाहून नेतो. दोन नावांची वस्तू एकच आहे की दोन, ती कोणाची जबाबदारी, दोन्हीकडे वेगवेगळी तारीख असेल तर खरी कोणती, हे तो ठरवत नाही. दोन्ही बाजूंनी बदल करू दिले, तर ज्याने शेवटी बटन दाबले त्याचे खरे ठरते.

आणखी एक भीती इथेच सांगून ठेवतो. सर्व यंत्रणांची, त्यांच्या पत्त्यांची, आवृत्त्यांची आणि जोडण्यांची एकत्र शीट म्हणजे चोराच्या हाती घराचा आराखडा. नॉर्दर्न आयर्लंडच्या पोलीस दलाने ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक स्प्रेडशीट दिली. तिच्यात एक न दिसणारे पान राहून गेले होते आणि त्यात साडेनऊ हजारांच्या आसपास अधिकारी-कर्मचाऱ्यांची नावे होती. ज्या प्रदेशात पोलीस असल्याचे शेजाऱ्यालाही सांगायची चोरी, तिथे हे घडले. दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. आपल्याकडे यंत्रणांची शीट पुरवठादाराला, सल्लागाराला, लेखापरीक्षकाला ई-मेलने सर्रास जाते. किती प्रती बाहेर आहेत, हे पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मग करायचे काय? प्रत्येक यंत्रणेला, सर्व्हरला, पुरवठादाराला न बदलणारा ओळख क्रमांक द्यायचा आणि ज्या ओळीला तो नाही ती नकाशात घ्यायचीच नाही. कोणती माहिती शीटमध्ये बदलायची आणि कोणती नकाशात, याची वाटणी लेखी करायची : भाडे आणि कराराच्या तारखा शीटमध्ये, संबंधांच्या रेषा नकाशात, आणि एकाच गोष्टीला दोन मालक नाहीत. रंगात लपलेले निर्णय रकान्यात आणायचे. शीट थेट नकाशात न ओतता आधी मधल्या जागेत उतरवायची, ओळी मोजायच्या, नाकारलेल्या ओळी कारणासह पाठवणाऱ्याकडे परत करायच्या आणि एका जबाबदार माणसाच्या सहीनंतर आत घ्यायच्या. शीटमधून गायब झालेल्या वस्तूंची यादी दर वेळी काढायची, त्या पुसून न टाकता ‘निवृत्त’ अशी तारखेसह नोंद करायची. प्रत्येक रेषेवर ती शेवटची कधी आणि कोणी पडताळली हे असायला हवे. पुरवठादाराच्या पुढचा पुरवठादार हाही नकाशावर हवा, आणि तो सांगण्याचे बंधन करारात हवे. सी-एजच्या प्रसंगानंतर तरी यावर दुमत नसावे.

यासाठी मोठा पैसा लागतो, हा समज चुकीचा आहे. मोफत सॉफ्टवेअर आहे, शीट आहेच. लागतो तो वेळ, आणि हे काम कनिष्ठाच्या अंगावर टाकण्याचे नाही हे मान्य करणारा वरिष्ठ. हिंजवडी, ऐरोली, अंधेरीत बसून आमची मराठी मुले-मुली जगभरच्या बँकांसाठी हेच काम शिस्तीने करतात, कारण तिथला ग्राहक ते करून घेतो. आपल्या घरच्या बँकेला ते मागायला काय हरकत आहे?

नागरी सहकारी बँकांसाठी ‘एनयूसीएफडीसी’ ही छत्रसंस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. लहान बँकांना तंत्रज्ञानाचा आधार देणे हे तिचे एक उद्दिष्ट आहे. तिने सर्व सदस्य बँकांसाठी घटक आणि संबंध यांच्या शीटचा एकच साचा, ओळख क्रमांकाची एकच पद्धत आणि मराठीसह भारतीय भाषांत चालणारी इंपोर्टची तपासणी तयार करून द्यावी. प्रत्येक बँकेने आपापला साचा घडवत बसणे म्हणजे श्रम वाया घालवणे. रिझर्व्ह बँकेच्या तपासनीसांनी नोंदवहीचे रकाने पाहण्याऐवजी तपासणीच्या दिवशी एक यंत्रणा आपल्या मनाने निवडावी आणि तिच्यावर काय काय विसंबून आहे याचे उत्तर एका तासात मागावे. सहकार खात्याने आणि लेखापरीक्षकांनीही हीच रीत उचलावी.

वेळ थोडा आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे मे २०२७ पासून खातेदार, विमाधारक किंवा रुग्ण आपली माहिती पुसा असे सांगेल, तेव्हा अन्य कायद्याने जपणे भाग असलेला भाग वगळता ती सगळीकडून पुसावी लागेल, संस्थेच्या वतीने काम करणाऱ्या कंपन्यांकडूनही. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्या माणसाचा मोबाइल क्रमांक कोअर बँकिंगमध्ये आहे, एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे आहे, कॉल सेंटरकडे आहे आणि वसुली एजन्सीच्या एखाद्या शीटमध्ये आहे. हे दाखवणाऱ्या रेषा भरायला आजपासून सुरुवात केली, तर मध्यम आकाराच्या बँकेला सुद्धा वर्ष लागेल. संचालक मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय आयटी विभागाच्या अहवालात दडवून न ठेवता स्वतंत्र क्रमांकाने यावा, आणि संबंधांची ती दुसरी फाइल कोण भरणार त्या अधिकाऱ्याचे नाव आणि तारीख इतिवृत्तात नोंदली जावी.